निम्मं तिकीट

"हे कार्ड चालणार नाही. सवलत तरुणांना आहे."

तिकिटाच्या खिडकीतला माणूस असं म्हणाला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. शेजारी माझी धाकटी बहीण सुमन. तिला सतरावं चालू होतं. आम्ही तरुण नाही, तर मग काय म्हातारे?

सोलापुरातलं मोठं थिएटर. नाट्यमहोत्सव होता. चौकातल्या बोर्डावर लिहिलेलं, पंचवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना निम्मं तिकीट, ओळखपत्र दाखवावे. मीच सुमनला वाचून दाखवलं होतं. तिचं लग्न ठरलं होतं, सांगोल्याकडं. सासरी जायच्या आधी एकदा थिएटरात बसून नाटक बघायचं, एवढंच तिचं मागणं. साडी नको, बांगड्या नकोत. त्या दिवशी पहाटेपासून विड्या वळून तिनं काम उरकलं, केसात अबोली माळली आणि मला चिडवलं, "दादा, तितं घोरू नगंस."

मी मिलमधला बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी कामावर आला नाही तर त्याच्या जागी आपण. कार्डावर नाव, वय, पत्ता, साहेबाची सही. मिलच्या गेटवर दाखवलं की आत सोडत. मला वाटलं, इथंही सोडतील. सुमननंही तिचं नाव, वय असलेलं विडी कारखान्याचं पुस्तक आणलेलं. किती खुळे होतो आम्ही.

मागं रांगेत कॉलेजची पोरं. माझ्याच वयाची. त्यांच्या कॉलेजच्या कार्डांवर निम्मं तिकीट मिळत होतं. त्यांतला एक म्हणाला, "हजेरी लावायला आलाय वाटतं." सगळे हसले. सुमननं पदर ओढून घेतला.

जात कुणी विचारली नाही. विचारायची गरज नव्हती. वस्तीचं नाव कार्डावर होतंच.

मग समितीतले एक गृहस्थ आले. पांढरे कपडे, गोड आवाज. म्हणाले, "लोक आत बसले की मागच्या दारानं या. पैसे नकोत. दाराशी खाली बसा. खुर्चीवर नको, अंगाला कापूस असतो तुमच्या."

मी अंघोळ करून आलो होतो. धुतलेला सदरा. कुठला कापूस?

डोकं फिरलं माझं. म्हणालो, "आमी न्हाय बसत खाली. तिकीट द्या, न्हायतर जातो."

ते म्हणाले, जा. आम्ही निघालो.

रस्त्यानं मी छाती काढून चालत होतो. जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसाला नाही म्हटलं होतं. सुमन मागं मागं. रेल्वे फाटकापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मी बसले असते की खाली, दादा."

पाय जागीच थांबले. तिला मी विचारलंच नव्हतं. दोन निम्म्या तिकिटांचे पैसे खिशात होते, त्यात एक अख्खं आलं असतं. तिला आत धाडून मी बाहेर थांबलो असतो, तर काय बिघडलं असतं? अपमान माझा झाला आणि नाटक तिचं गेलं. अजून सलतं ते.

पंधरा दिवसांत ती सासरी गेली. आता टँकरपाशी घागर घेऊन उभी राहते. माहेरी येते, तेव्हा नाटकाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. पण ते तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. खाली बसायला तिला काहीच वाटलं नसतं, याचंच मला रडू येतं. ही सवय तिला कुणी लावली?

पुढच्या वर्षी समितीकडं अर्ज नेला. सवलत वयाला द्या, कॉलेजला नको. मिलमधली, विडीची, चादरीच्या मागावरची पोरंपोरीही तरुणच आहेत. ते म्हणाले, बघू. गेली चार वर्षं त्यांचं बघणं चालू आहे.

आता अर्ज बंद. महोत्सवाच्या पहिल्या दिवशी खिडकीसमोर जाऊन उभा राहतो. गेल्या साली आम्ही अकरा जण होतो. बाजूला व्हा म्हणाले. झालो नाही. पोलिसांनी ओढून काढलं, सदरा फाटला. घरी आई म्हणाली, कशाला हात दाखवून अवलक्षण? दाराशी जागा देत्यात की.

दाराशी लई बसलो, आये.

सुमनचं नाटक मला परत आणता येत नाही. यंदाही जाणार आहे. दोन वर्षांनी माझंच सवलतीचं वय सरेल. सरू दे. खुर्चीचं तिकीट आमच्या पोरींच्या हातात पडल्याशिवाय मी त्या खिडकीसमोरून हलणार नाही.