चांगल्या डोळ्यावरची पट्टी

माझ्या मुलीच्या चांगल्या डोळ्यावरची पट्टी मीच काढत होतो. शाळेतून आल्यावर ती रोज लावायची, म्हणजे सुस्तावलेल्या डाव्या डोळ्याला कामाला लागावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि मी काही अडाणी बाप नव्हे. बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पीएचडी उंदराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागावर. तिथल्या काही पेशींचं काम म्हणजे शेजारच्या पेशींना गप्प बसवणं. त्यांच्यावरच्या, ग्लुटामेट नावाचं रसायन टिपणाऱ्या ग्राहींकडून इशारा आला, की त्या बाकीच्यांना दाबतात. लहानपणी डोळ्यांच्या या पेशींशी असलेल्या जोडण्या चटकन बदलतात, पुढं घट्ट होतात. वर्गात हे मी फळा भरून शिकवतो. घरी मात्र एवढंच आठवलं, की प्रयोगशाळेत मोठ्या उंदरांच्या जोडण्याही पुन्हा सैल करता आल्यात. मग घाई कशाला? मुलगी उंदीर नाही, ही किरकोळ बाब मी बाजूला ठेवली.

सुरुवात इंदापूरला, माझ्या आत्याच्या नातीच्या साखरपुड्यात झाली. कार्यालयाच्या दारातच आत्यानं अडवलं.

"पोरीच्या डोळ्याला काय झालंय रं?"

"एक डोळा आळशी आहे, आत्या."

"मग आळशाला कोंडायचं सोडून चांगल्याला कशापायी कोंडलंस? एवढं शिकून हेच का?"

पाव्हणे खदखदून हसले. दृष्टीच्या मेंदूचा तज्ज्ञ काय करणार? त्यानं पट्टी काढून खिशात घातली.

मग सवयच लागली. पट्टी नसली की पोरगी रडत नाही, अभ्यास लवकर उरकतो. बायको बँकेतून यायच्या सुमारास मी पट्टी पुन्हा चिकटवायचो.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काहीच फरक नाही. पट्टी लागते ना रोज?"

"रोज," बायको म्हणाली. "मी येते तेव्हा लावलेलीच असते."

"मग ही फटीतून बघत असेल."

बायको मुलीवर कडाडली, "बघतेस ना?"

मुलीनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हो."

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं मोठ्या अभ्यासू नजरेनं बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, वेळ अजून आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

परतताना गाडीत बायकोनं शिक्षा सुनावली. "आता आत्याच्या घरचं लग्न बंद. लबाड कुठली!"

मागच्या सीटवर हुंदकासुद्धा नाही. तिला गप्प बसायचं इतकं पक्कं शिकवलं होतं मी.

भिगवण रस्त्याला गाडी कडेला घेतली.

"पट्टी मी काढायचो," मी म्हणालो.

बायकोनं मागच्या सीटकडं बोट केलं. "माझ्याकडं काय बघताय? तिला सांगा."

मी मागं वळलो. "बाळा, तू लबाड नाहीस. लोक हसतात याची लाज मला वाटली, आणि भोगायला तुला लावलं. आज खोटंही तू माझ्यासाठी बोललीस. माझं चुकलं. मला माफ कर."