गरम बिल्ले

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी परळच्या एका कापड गिरणीत कारकून होतो. गैरहजर कामगारांच्या जागी रोज बदली कामगार घेत. कुणाला घ्यायचं ते पूर्वी खात्यातला मुकादम, म्हणजे जॉबर, ठरवी आणि त्यासाठी चिरीमिरी घेई. तक्रारी वाढल्या तेव्हा लेबर ऑफिसरने सोडत सुरू केली. बदलीवाल्यांनी आपापला नंबराचा पितळी बिल्ला फाटकावर द्यायचा, सगळे बिल्ले तेलाच्या रिकाम्या डब्यात पडायचे आणि सर्वांसमोर, न बघता, जागा असतील तेवढे मी काढायचे; ज्याचा बिल्ला निघेल त्याला त्या दिवशी काम. बिल्ले गोळा करण्याचं काम मात्र जॉबरकडेच राहिलं.

एका संध्याकाळी त्याने मला फाटकात गाठलं.

"कारकूनसाहेब, उद्या हाताला ऊब लागेल तोच बिल्ला काढा."

"म्हणजे?"

"आपल्या माणसांचे वाफेच्या नळावर शेकून ठेवतो. तुमच्यावर आळ नाही, माझ्यावर नाही." तो बाजूला पान थुंकला. "ट्राम बंद असली की फणसवाडीला घरी चालतच जाता ना? मोर्चाचे दिवस. गर्दीत कुणी कुणाला मारलं, पोलिसांनाही कळत नाही."

 

सकाळी फाटकाशी माणसं दाटून उभी होती. मी डब्यात हात घातला. वरचे बिल्ले गार होते. खाली बोटांना एक गरम लागला, मग दुसरा. वर पाहिलं तर जॉबरची नजर माझ्या मनगटावर. मी हात रिकामाच बाहेर काढला.

"तेलकट आहेत, निसटतात," मी म्हणालो आणि आग विझवायला टांगलेली पाण्याची बादली काढून डब्यात ओतली.

"काय मास्तर, बिल्ल्यांना अभ्यंगस्नान?" मागून कुणीतरी ओरडलं. "दिवाळी लवकर आली रे!"

सगळे हसले. जॉबर हसला नाही. मी बिल्ले तळापासून ढवळले. आता सगळेच गार होते. हाताला येतील ते काढले.

तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "हात पुसून घ्या, साहेब. संध्याकाळी भेटू."

संध्याकाळी ट्राम बंद होत्या. रस्ताभर मोर्चा, घोषणा, काचांचा खच. लालबागच्या पुढे माझ्या दोन्ही बाजूंना दोन माणसं चालू लागली. एकाचा आवाज ओळखीचा वाटला. सकाळी दिवाळीची थट्टा करणारा तोच.

"मागं बघू नका, मास्तर. जॉबरची माणसं आहेत. आमच्या मधनं चाला."

मी मागे पाहिलं नाही. फणसवाडीच्या तोंडाशी ते वळले आणि गर्दीत मिसळले.

दुसऱ्या दिवशी डब्याशेजारी कुणीतरी बादली भरून ठेवली होती. जॉबर समोरच उभा होता. मी पाणी ओतलं, हात आत घातला. बिल्ले गार होते. जॉबरकडे न बघता मी ते तळापासून ढवळले आणि पहिला वर काढला.