होल्डॉलमधली वाळू

आमच्या संग्रहालयाचे प्रमुख, म्हणजे सर, स्टोअरमध्ये आले तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत होता. नाकाला रुमाल, डोक्याला बायकोचा जुना स्कार्फ, समोर वर्तमानपत्रावर धुळीचा ढीग आणि ढिगाशेजारी आमच्या स्वयंपाकघरातली मैद्याची चाळणी.

"क्या ढूँढ रहे हो?" त्यांनी विचारलं.

"राजस्थान," मी म्हणालो.

त्यांनी एकदा चाळणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दार हळूच लावून घेतलं. माणूस पंचावन्नाचा झाला की असं कधीकधी होतं, असा त्यांचा चेहरा होता.

मी भिलाईतल्या एका छोट्या संग्रहालयात कन्झर्वेटर आहे. म्हणजे आलेली वस्तू आहे त्याहून जास्त बिघडू नये, हे बघणारा माणूस. माझी बायको या कामाला झाडपूस म्हणते. वीस वर्षं मी तिला फरक समजावत होतो. या प्रकरणानंतर बंद केलं.

आमचं संग्रहालय अणुचाचण्यांविषयी आहे. पोलादाच्या गावात हे कशाला, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. काही निवृत्त मास्तर आणि प्लांटमधले इंजिनिअर एकत्र आले, त्यांना एक रिकामा हॉल मिळाला, एवढंच त्याचं उत्तर आहे. बॉम्ब कसा बनतो ते इथे नाही. चाचण्या झाल्या तेव्हा आजूबाजूची माणसं कशी जगत होती, ते आहे. बेटांवरून उठवलेल्या लोकांचे फोटो आहेत. काळे चष्मे लावून, खुर्च्या मांडून, स्फोट बघायला बसलेल्या परदेशी पाहुण्यांचं मोठं चित्र आहे. निषेधाचे फलक आहेत आणि 'अॅटम बॉम्ब' छापलेली फटाक्यांची खोकीही आहेत. पोखरणच्या दुसऱ्या चाचणीनंतर वाटलेल्या पेढ्यांचा खोका एकानं आणून दिला. रिकामा, अर्थात.

पोखरणच्या दालनासाठी आम्ही गावात सांगितलं होतं, की त्या उन्हाळ्यातली एखादी वस्तू घरात असेल तर द्या. प्लांटशेजारच्या खुर्सीपार बस्तीतून कुसुमताई रामटेके ऑटोतून एक होल्डॉल घेऊन आल्या. आताच्या मुलांना होल्डॉल माहीत नसतो. जाड कॅनव्हासची लांब खोळ असते. आत गादी, उशी, कपडे घालायचे, गुंडाळायचं आणि चामडी पट्ट्यांनी आवळायचं. फौजी लोकांचा संसार त्यात मावायचा.

ताईंचे यजमान फौजेत होते. खोदकाम, रस्ते, खंदक करणाऱ्या तुकडीत. निवृत्तीनंतर प्लांटमध्ये ठेकेदाराकडे लागले. दोन वर्षांपूर्वी गेले. ताईंना एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला त्यांनी पंचवीस-सव्वीस वर्षं लावली होती.

पोखरण झालं त्या उन्हाळ्यात त्यांचे मामाजी, म्हणजे सासरे, अचानक गेले. मुलगा एकुलता एक. ताईंनी तार केली, '५६ एपीओ'च्या पत्त्यावर. हे फौजेचं टपाल. जवान बर्फात असो की वाळूत, घरच्यांना पत्ता हाच. माणूस कुठे आहे ते पत्त्यावरून कळू नये, म्हणूनच ती सोय. मुलगा आला नाही. शेजारच्या पोरानं अग्नी दिला. बस्तीनं जे बोलायचं ते बोलून घेतलं. यजमान उगवले ते थेट दिवाळीच्या तोंडावर, खांद्यावर हा होल्डॉल घेऊन. कुठे होता, असं ताईंनी विचारलं. ड्युटीवर, असं ते म्हणाले. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. होल्डॉल न सोडता प्लास्टिकच्या पोत्यात घातला आणि सज्ज्यावर टाकला. पुढचा सगळा संसार त्या सज्ज्याखाली झाला.

"मले एवढंच सांगा, भाऊ," त्या म्हणाल्या. "ते तिथं होते का? होते त मग यायले जमलं नसन. नसन होते, त मग आले कावून नाई?"

मी बघतो म्हणालो. आमच्या फॉर्मवर 'वस्तूची स्थिती' असा रकाना असतो. ताईंनी त्यात लिहिलं, 'जसा आला तसा आहे'. मी ते वाचलं आणि सही केली. सगळे असंच काहीतरी लिहितात.

आता माझी अक्कल. बाहेरून आलेलं कापड साफ केल्याशिवाय स्टोअरमध्ये घ्यायचं नाही, हा आमचा नियम. कसर, झुरळांची अंडी, बुरशी, काहीही असू शकतं. मी क्लीनरच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलं आणि होल्डॉलची शिवण न शिवण ओढून काढली. आतल्या खिशात शिरलो तेव्हा नळीतून किरकिर असा छान आवाज आला. हा आवाज आला की आमच्या धंद्यात समाधान वाटतं. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आठ दिवसांनी ताई एक पत्र दाखवायला आल्या. मी मोठ्या ऐटीत होल्डॉल टेबलावर पसरला. नवा वाटत होता. त्यांनी आतल्या खिशात हात घातला, कोपऱ्यापर्यंत बोटं नेली, बाहेर काढली आणि बोटांकडे पाहिलं.

"यातली रेती कोठी गेली?"

"साफ केला, ताई."

त्यांनी खिसा उलटा करून पाहिला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. यजमान गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा तो होल्डॉल सोडला होता आणि त्यांच्या हाताला ती वाळू लागली होती. भुरी, बारीक, पिठासारखी. आपल्या शिवनाथ नदीची नाही, एवढं त्यांना लगेच कळलं. त्या वाळूवरूनच त्यांच्या मनात आलं होतं, की हा माणूस तिथे तर नव्हता? मला वाटलं होतं, त्यांनी होल्डॉल दिला. त्यांनी वाळू दिली होती, होल्डॉल नुसता पिशवी म्हणून आला होता.

म्हणून माझा हात क्लीनरच्या पिशवीत होता.

पिशवीत काय नव्हतं? त्याच आठवड्यात मी पंखे, खिडक्यांच्या जाळ्या आणि सरांच्या खोलीतला गालिचा, सगळं त्याच क्लीनरनं ओढलं होतं. केस, दोरे, पेन्सिलीची साल, एक शर्टाचं बटण. आधी चहाच्या गाळणीनं मोठा कचरा काढला, मग मैद्याच्या चाळणीनं. खाली जे उरलं ते करड्या रंगाचं एकजीव पीठ होतं. त्यात वाळू कुठली आणि भिलाई कुठली, ते डोळ्यांनी सांगणं शक्य नव्हतं.

मी घरी, वैशाली नगरला, तोंड पाडून बसलो. बायको चाळणी कुठे आहे ते विचारून राहिली होती. मी गच्चीवर गेलो. कठड्यावर नेहमीची काळी धूळ होती. लहानपणी आम्ही पोरं फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून या धुळीतून फिरवायचो. चुंबकाला काळी दाढी फुटायची. भिलाईच्या प्रत्येक पोरानं हा खेळ खेळला आहे. आमच्या धुळीत लोखंड असतं, म्हणून ती चिकटते. वाळू चिकटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकरचं चुंबक घेऊन गेलो. आणि ताईंना फोन करून बोलावलं. एकट्यानं करायची हिंमत उरली नव्हती.

चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत धरायचं, म्हणजे पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं पडतं. पीठ कागदावर पातळ पसरायचं आणि वरून अलगद फिरवायचं. पहिल्याच फेरीत काळी दाढी आली. ताई ते बघत राहिल्या.

"हे आमचं खुर्सीपार," त्या म्हणाल्या. "इकडं द्या. तुमचा हात जड हाये."

तीन दिवस त्या येत होत्या. मी फुंकर मारून केसतंतू उडवायचो, त्या चुंबक फिरवायच्या. हात चालू असला की माणूस बोलतो. यजमान घरी आले की खाटेवर न झोपता खाली झोपायचे. आंब्याच्या लोणच्याशिवाय जेवायचे नाहीत. पोरगी पूजा तेव्हा तीन वर्षांची होती, तिला आजोबा आठवत नाहीत. मामाजींच्या विषयावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. भांडण झालं असतं तर एखाद्या दिवशी मिटलंही असतं, असं ताई म्हणाल्या. काही काळे कण वाळूचेही असतात, तेही चुंबकाबरोबर गेले असणार. तिसऱ्या दिवशी काचेच्या बशीत साधारण दोन चमचे भुरी वाळू उरली. ताईंनी त्यात बोट बुडवलं आणि मान हलवली. हीच.

सरांना आता रस वाटायला लागला. आमच्याकडे किरणोत्सर्ग मोजायचं एक यंत्र आहे, शाळेच्या मुलांना दाखवायला. जवळ किरणं असली की टिकटिक करतं. सर म्हणाले, लावून बघा. लावलं. टिक, टिक, अधूनमधून. मग तेच यंत्र मी कॉरिडॉरमध्ये नेलं. तिथेही तेवढीच टिकटिक. दगडमातीत, आकाशात, आपल्या अंगातही किरणं थोडी असतातच. वाळूत त्याहून जास्त काही नव्हतं.

"म्हणजे नव्हते तिथं?" ताईंनी विचारलं.

"तसं नाही, ताई. स्फोट जमिनीच्या खूप खाली झाला. वरच्या वाळूला त्याचं काही लागलेलं नसणार. टिकटिक वाढली असती तर मी तुम्हाला तीन दिवस त्यात बोटं घालू दिली म्हणून मलाच झोप आली नसती. पण वाळू वाळवंटातली दिसते, यापुढे हे यंत्र काही सांगत नाही. राजस्थान मोठं आहे. फौज सगळीकडे असते."

मी फौजेच्या एका कार्यालयालाही पत्र लिहिलं होतं. अशी माहिती देता येत नाही, असं सभ्य उत्तर आलं. संपलं.

मग ताईंनी पर्समधून ते पत्र काढलं. ज्या दिवशी दाखवायला आणलं त्या दिवशी वाळूच्या गोंधळात ते तसंच राहिलं होतं. निळं आंतर्देशीय पत्र. तारीख मामाजी गेले त्याच्या चौथ्या दिवसाची. बापाविषयी एक अक्षर नाही. तार पोचली नव्हती, की पोचूनही लिहायची परवानगी नव्हती, कोण जाणे. पाच-सहाच ओळी. सर्वांना जय भीम. मी खुशाल आहे. इथलं पाणी खारट आहे. ऊन फार. दिवसा झोपून असतो. पूजाला पापा.

"इथं बाप सरणावर गेला," ताई म्हणाल्या, "न हे लिवून राहिले, दिवसा झोपून असतो. मी हे पत्र जाळणार होती. पोरीचं नाव होतं म्हणून ठेवलं."

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग ताईंना म्हणालो, चला माझ्याबरोबर.

पोखरणच्या दालनात चौथं पॅनल आहे. ते मी स्वतः भिंतीला लावलं आहे, पातळी बघून, चार स्क्रू. रोज पुसतो. त्यावर लिहिलं आहे, की वरून फिरणाऱ्या परक्या उपग्रहांना काही दिसू नये म्हणून खड्ड्यांचं काम रात्री चालायचं. उजाडायच्या आत यंत्रं आणि माती पुन्हा जागच्या जागी. दिवसा तिथे काहीच चाललेलं नाही असं दिसायला हवं होतं.

मी वाचून दाखवलं. ताईंनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मग पत्राची घडी घातली, ते पर्समध्ये ठेवलं, पुन्हा काढलं.

"रातभर मजुरी करून मानूस दिवसा झोपनच न," त्या म्हणाल्या. एवढं बोलून त्या काळ्या चष्मेवाल्या पाहुण्यांच्या चित्रासमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी पाणी नेऊन ठेवलं. त्यांनी घेतलं नाही.

शेवटी लेबलाचा प्रश्न आला. सरांना हवं होतं, 'पोखरणची वाळू'. मोठ्या अक्षरात. मी नाही म्हणालो. जे सिद्ध नाही ते छापायचं नाही, हा संग्रहालयाचा नियम आहे, आणि तो मला सरांनीच शिकवला होता. सर चिडले, पण ऐकलं. मी लेबल लिहिलं: 'होल्डॉल. एका जवानाचा. त्या उन्हाळ्यात ते वडिलांच्या अंत्यविधीला आले नाहीत. बशीतली वाळू याच होल्डॉलमधली. कुठली, ते माहीत नाही.'

छापण्याआधी देणाऱ्याला दाखवावं लागतं. ताईंनी चष्मा लावून वाचलं, माझा पेन मागितला, 'आले नाहीत' यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'येऊ शकले नाहीत'.

कागद सरांकडे गेला. त्यांनी मला बोलावलं. "और ये? ये प्रूव्ह हुआ है क्या?"

"नाही, सर."

"फिर?"

मी म्हणालो, देणाऱ्याचं निवेदन म्हणून जाऊ द्या. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी कपाट उघडलं. माझे वडील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते. त्यांचा ड्युटीचा कोट मी जपून ठेवला आहे. ते गेल्यावर आठवड्याच्या आत मी स्वतः तो ड्रायक्लीनला दिला होता, इस्त्री करून आणला होता. नाकाला लावून पाहिला. डांबरगोळ्यांचा वास आला. चुंबक घेऊन कुठे फिरवायचं, ते काही सुचलं नाही.

ताई आता अधूनमधून येतात. होल्डॉलच्या काचेसमोर उभ्या राहून, मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, कुणाला तरी काहीतरी सांगतात. जाताना काचेवर धूळ बसली आहे, असं मला बजावतात. काच मी पुसतो. आत हात घालत नाही. आणि आमच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवून घेतला आहे: 'साफ करू का?' लोक हसतात. भरतात मात्र सगळे.