चाचांच्या हातचा काप

"मेण राहिलंय" असं कुणी म्हटलं की चाचांचा पारा चढायचा. नगरजवळच्या आमच्या इस्पितळात रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि मग मेण धुऊन टाकायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. "माज्या हातच्या कापात मेन ऱ्हात न्हाई. दुसरं बोला," असं ते मोठ्या डॉक्टरांनाही सुनवायचे.

मी तिथे भौतिकशास्त्र शिकून आलेली. कापातून अवरक्त, म्हणजे उष्णतेचे, किरण पाठवायचे आणि उमटणाऱ्या आलेखावरून कॅन्सर ओळखायचा, हा माझा उद्योग. मेणाचा अंश राहिला की आलेख बिघडतो, त्यामुळे आमची रोज जुंपायची. माझ्या यंत्राला ते शेगडी म्हणत. पाथर्डीच्या एसटीतून उतरले की थेट माझ्या टेबलाशी हजर. "काय म्याडम, आज शेगडी काय म्हनती?" गालात तंबाखू. मी ओरडले की हसायचे, "कापनाऱ्याला कोन कापतंय?"

एका सकाळी त्यांनी निरोगी तुकड्यांच्या ट्रेमध्ये एक जादा काप ठेवला. "ह्यो चांगलाय. बघा बरं." आलेख पाहिला तर चांगला कसला! थेट कॅन्सरचा. निरोगी तुकड्यात हे कुठून येणार? मेणाची खूण आलेखात वेगळ्याच जागी येते, पण ती बघायचे कष्टही मी घेतले नाहीत. म्हटलं, "चाचा, मेण राहिलंय."

ते भांडले नाहीत. म्हणाले, "मग मेनच आसंल." चाचा एकदाचे हरले म्हणून मी खूश. दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले. तो काप मी मोजणीतून काढून टाकला.

तुकडा त्यांच्याच गालाचा होता. तोंडातली जखम भरेना म्हणून दाताच्या डॉक्टरांनी काढून दिलेला. आपल्याच विभागात बोभाटा होण्याआधी त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. मी मेण म्हटल्यावर तो त्यांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवलाच नाही. हे मला चार महिन्यांनी कळलं, त्यांच्या मानेत गाठ आल्यावर. "तुमी मेन म्हनला, लई बरं वाटलं," एवढंच ते बोलले. जन्मभर हे वाक्य ज्यांनी खपवून घेतलं नाही, त्यांनी नेमकं त्याच दिवशी माझं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मी पाथर्डीला भेटायला गेले तेव्हा त्यांची वाचाही गेली होती. चाचींना त्या कापाचं काहीच माहीत नव्हतं. चहा देता देता त्यांनी विचारलं, "म्याडम, तुमच्या मशीनवर बगितलं आसतं तर आदी कळलं आसतं का वो?"

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी माझ्यावर नजर रोखली आणि उशीवरची मान सावकाश हलवली. नाही म्हणा.

"नाही कळलं असतं," मी म्हणाले.

"मंग कुनाचाच दोस न्हाई," चाची म्हणाल्या आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.