कार्डांची मागची बाजू

"अगं, तुझा मामा गेला," मामीने फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात परदेशी साहेबांच्या कॉलवर होते. "बरं, बरं," म्हणून फोन ठेवला आणि आणखी दोन मिनिटं कामाचं बोलत राहिले... कशी बोलले, देव जाणे.

मामा राज्यशास्त्राचा प्राध्यापक. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये त्याची कार्डं बुटांच्या खोक्यांत भरलेली असत. 'असं जगात फक्त आपल्याकडेच' या थाटाचं वाक्य भाषणात, शाळेच्या पुस्तकात, जाहिरातीत दिसलं, की कार्डाच्या पुढच्या बाजूला उतरवायचं. मागे मुंगीएवढ्या अक्षरात, आणखी कोणते देश स्वतःबद्दल हेच म्हणतात, कधी, कुणाला ऐकवायला. परदेशी कंपन्या आल्या, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकऱ्या आल्या, तशी खोकी भराभर वाढली.

"पण आपण आहोतच ना वेगळे?" मी एकदा चिडून विचारलं.

"असू की! वाक्य खरं की खोटं, ते मी बघतच नाही बाई. माणसांना ते कधी लागतं, तेवढं बघतो."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो आठवडाभर लेकीकडे गेला, तेव्हा मला हौस आली. रजा टाकून मी सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवली. फक्त पुढची बाजू. मागचं अक्षर लागेना, कच्ची टिपणं असतील म्हटलं. आणि कार्डं रद्दीत दिली! मूर्ख कुठली. वर ती यादी कौतुकाने ऑफिसातल्या मैत्रिणींना मेल केली.

मामा आला, काळा चष्मा वर करून यादी बघितली. "मागचं कुठंय?"

मी सांगितलं.

"वा. पाठ्यपुस्तकच झालं की हे," तो म्हणाला आणि मामीकडे चहा मागितला. मी रद्दीवाल्याकडे धावले, पण गठ्ठे केव्हाच पुढे गेले होते. नंतर तो पुन्हा लिहायला बसला, डोळ्यांनी साथ दिली नाही. मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं...

शोकसभेत शेजारच्या एका काकांनी खिशातून कागद काढला. "सरांना देशाचा केवढा अभिमान! मेलवर फिरत फिरत आलेली ही त्यांची यादी वाचतो." माझीच यादी. टाळ्या पडल्या. मी उठून काही बोलायला हवं होतं.

एक कार्ड तेवढं माझ्या पर्समध्ये राहिलं होतं. 'पाहुण्याला देव मानणारा देश जगात एकच.' मागे कोरं. "तुमच्या साहेबांना विचार, त्यांच्याकडे काय म्हणतात," म्हणून त्याने ते दिलेलं, आणि मी वर्षभर विचारलं नव्हतं. परवा विचारलं. आयरिश साहेब हसून म्हणाला, पाहुणचार करावा तर आम्हीच, बाकी कुणाला जमत नाही. मी ते मागे बारीक अक्षरात लिहिलं आणि कार्ड मामीकडे नेलं.

"अगंबाई, ह्यांचं अक्षर!" मामीने पुढची बाजू डोळ्यांना लावली. मग डिंक आणला आणि कार्ड मामाच्या फोटोखाली भिंतीवर पक्कं चिकटवून टाकलं. माझं बारीक अक्षर भिंतीच्या बाजूला गेलं.