कोमलचा पाळणा

पद्माबाईंची एक भाकर तव्यावर होती, दुसरी परातीत थापणं चालू होतं, तेवढ्यात कडी वाजली. दारात उकंडरावांची धाकटी सून कोमल उभी. हातात मोबाईल, डोळे सुजलेले.

थोरल्या जावेच्या लेकीचं आज संध्याकाळी बारसं. मंजुषा हे नाव ठरलं होतं. कोमलनं तिच्यासाठी पाळणा रचला होता, जन्मातली पहिली कविता. काल बाया तो म्हणून बघायला बसल्या आणि पहिल्याच कडव्यात अडखळल्या. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, मोबाईलवरचा लावू.

पद्माबाईंनी हिंगोलीच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. केलं आणि संसाराला लागल्या. नोकरी केली नाही, पण छंद-यमकाचा नाद सुटला नाही. जवळा बाजार गावातली कितीतरी लेकरं त्यांनी रचलेल्या पाळण्यांवर निजली.

त्यांनी कोमलला ओट्यापाशी बसवलं, "म्हण" म्हणाल्या, आणि तिच्या ओळींच्या चालीवर भाकर थापू लागल्या.

पूर्णाकाठी उगवली
मंजुषा ही सोनकळी
उकंडराव आजोबांच्या
गाली पडे गोड खळी

दोन ओळी हात सरळ चालला, तिसरीला घुटमळला.

"आठ अक्षरांची ओळ हाय तुझी. तिसरीत नऊ झाली. पाळणा परत आला तरी ओळ संपंना, मग बाया अडखळतीलच की."

कोमल म्हणाली, काल 'राव' काढा असं कुणी तरी सुचवलं, तर मामंजी ताटावरून उठून गेले. पद्माबाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, राव राहू दे, 'आजा उकंडरावांच्या' म्हण. कोमलनं बोटांवर मोजलं. बराबर आठ. कळी-खळीच्या यमकाला मात्र पद्माबाईंनी हात लावला नाही. कान चांगला आहे तुझा, एवढंच म्हणाल्या.

आता राहिलं धृपद. पहिल्या कडव्याखाली 'झुलू दे गं झुलू दे', दुसऱ्याखाली 'हालू दे', तिसऱ्याखाली 'डोलू दे'.

"ही ओळ काहून बदलत गेलीस गं?"

तेच तेच म्हटलं तर लोक नावं ठेवतील, शिकलेली असून शब्द सुचले नाहीत म्हणतील, अशी कोमलला धास्ती.

"अगं, त्या ओळीचीच तर बाया वाट बघून राहिल्या असतात. बाकीचं तू म्हणायचं, ती सगळ्यांची. तीच हलवलीस तर त्यांनी तोंड कुठं उघडावं?"

तव्यावरची भाकर करपून गेली होती. दोघींनाही पत्ता नव्हता.

दुपारी उकंडरावांच्या अंगणात बाया पुन्हा बसल्या. सासूबाईंनी मोबाईल जवळच ठेवला होता. कोमलनं सूर लावला. पहिल्या कडव्याला दोघी-तिघींनीच साथ दिली. दुसऱ्याला तेच धृपद आलं तसं भिंतीकडेच्या म्हाताऱ्याही त्यात शिरल्या. टांगलेल्या पाळण्याची दोरी ओळीबरोबर जात होती, ओळीबरोबर येत होती. सासूबाईंनी मोबाईल कधी कनवटीला लावला ते कुणी पाहिलं नाही, पण त्याही म्हणत होत्या. पद्माबाईंचा ऊर भरून आला. स्वतःचे एवढे पाळणे ऐकले, पण असा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

ओसरीवर बसलेले उकंडराव 'राव' शाबूत असलेली ओळ ऐकून मिशीत हसले. पद्माबाईंना म्हणाले, बाई, तुमच्यामुळं घराची शोभा राहिली. कोणतं लुगडं आणू ते सांगा.

"लुगडं नको, दादा. संध्याकाळी पाळणा म्हणायच्या आधी चारचौघांत सांगा, हा आमच्या कोमलनं रचला."