यांचं नाव माझ्या विम्यावर

जर्मनीत मी नर्स आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांना उठवून बसवते, सलाइन लावते, दुखतंय का म्हणून विचारते. आणि घरी माझा स्वतःचा नवरा पोट धरून कॉटवर वाकडा व्हायचा तेव्हा काय करायची? गरम पाण्यात ओवा. बस्स! पित्ताच्या पिशवीत खडे असणार, हा संशय मला पहिल्याच रात्री आला होता. पण यांच्या नावाचं विम्याचं कार्ड नव्हतं, आणि कार्डाशिवाय ऑपरेशनचं नाव काढायची आमची ऐपत नव्हती.

तिथला सरकारी विमा तसा चांगला. माझ्या पगारातून कापून जातो, आणि जोडीदार कमावत नसेल तर त्याचंही नाव त्यातच फुकट बसतं. फक्त त्याची कमाई नाही याचा कागद गावाकडून आणायचा. कार्ड नसेल तर यांना तिथं राहायचा परवानाही मिळणार नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यातली चार आम्ही फोनवर काढलेली. आता कुठं मी एका घरात दोन ताटं वाढायला लागले होते.

कागदाचं काम मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगावर घेतलं. आमच्या जळकोटात उत्पन्नाचा दाखला म्हटलं की माणूस आपोआप गरीब होतो. शिष्यवृत्ती असो नाहीतर घरकुल, चांगला बागायतदारसुद्धा तलाठ्यासमोर पडेल चेहऱ्यानं उभा राहतो. यांच्या कॉलेजच्या वेळी मामांनीही तेच केलं होतं. पण हा दाखला जर्मनीला जाणार होता! परक्या मुलखात पोराची लाज जाऊ नये म्हणून मामांनी यांचं हायवेवरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, जे हे जर्मनीला आल्यापासून कुलूप लावून बंद होतं, ते जोरात चालू असल्याचं लिहून दिलं. वर शेताच्या उत्पन्नातला निम्मा हिस्साही यांच्या नावानं घातला. खाली आपली लांब शेपटाची सही ठोकली.

"असा दाखला काढलाय," मला फोनवर म्हणाले, "तिथला साहेब उठून उभा राहील."

साहेब काही उभा राहिला नाही. तीन आठवड्यांनी पत्र आलं, की तुमच्या पतीची कमाई मर्यादेच्या वर आहे, नाव घेता येत नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर कमी दाखवणाऱ्या माणसाला नेमकं आत्ताच वाढवून दाखवायची बुद्धी व्हावी? राग काढायला समोर हेच होते, म्हणून यांच्यावरच ओरडले. हे पोटावर उशी दाबून, आपल्या वडिलांची बाजू घेत म्हणाले, "आबांना काही बोलू नको."

यांना गावी जाता येत नव्हतं. परवाना अर्धवट होता, एकदा देश सोडला असता तर परत घेतलं नसतं. म्हणून दहा दिवसांची रजा टाकून मी एकटीच आले.

उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच शेजारच्या काकू आल्या. "साहेब न्हाय आले का गं? लई मोठ्या कंपनीत लागलेत म्हणं, रजा मिळंना व्हय?"

मी मामांकडं बघितलं. मामा शेळीला पाला टाकायला निघून गेले. मग कळलं, सगळ्या गावाला त्यांनी हेच सांगितलं होतं.

तलाठी माणूस बरा होता. म्हणाला, नवा दाखला मिळेल, पण आधीचं खोटं होतं आणि मुलाला काहीच उत्पन्न नाही, हे तुमच्या सासऱ्यांना दोन पंचांसमोर जबाब देऊन सांगावं लागेल. आता हे सुनेनं सासऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? दोन दिवस मी नुसती घरात घिरट्या घालत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं.

मामांचा घास हातातच राहिला. "माझ्या पोराला म्या रिकामटेकडा म्हणू व्हय? चारचौघांत?"

"रिकामटेकडा न्हाय मामा. कमाई न्हाय, एवढंच."

"एकच की गं ते."

"मग दुखू द्या त्यांचं पोट तसंच!" मी बोलून गेले. सासऱ्यांसमोर असा आवाज मी कधी चढवला नव्हता. पण पोटदुखीचं आम्ही घरी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"कुणाचं पोट?" मामांनी विचारलं. मग मला सगळंच सांगावं लागलं. मामांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती. "उद्या जाऊ," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा, टोपी घालून निघाले. पंच म्हणून एक रिटायर गुरुजी आणि एक कापडवाले. दोघंही मामांच्या रोजच्या बैठकीतले. तलाठ्यानं जबाब लिहिला आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचला: "माझा मुलगा कोणतेही काम करीत नाही. त्याला कसलेही उत्पन्न नाही. तो सर्वस्वी पत्नीच्या कमाईवर अवलंबून आहे." गुरुजी खाली मान घालून चपलेकडं बघत बसले. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

तलाठ्यानं पेन पुढं केलं. मामा कागदाकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "शाईचा पॅड हाय का?"

"पॅड कशाला काका? तुम्हाला सही येती की. मागच्या कागदावर केवढी झोकात केलीय."

"आज येत न्हाय," मामा म्हणाले. "अंगठा घ्या."

 गुरुजींनीच उठून फळीवरचा पॅड आणून दिला. मामांनी डावा अंगठा उमटवला आणि कुणाकडंही न बघता बाहेर पडले. घरी येईपर्यंत त्यांनी ती मूठ उघडली नाही.

मी निघाले तेव्हा हायवेवर एसटीत बसवायला आले होते. खिडकीपाशी येऊन म्हणाले, "त्याला ते वाचून दाखवू नको." मी मान डोलावली. नव्या दाखल्याला जोडलेला तो जबाब यांच्याच हातात जाणार होता, हे मी कुठल्या जिभेनं सांगू?

या वेळी कागद चालला. महिन्याभरात कार्ड आलं, यांच्या फोटोचं. ऑपरेशनची तारीखही मिळाली. त्या संध्याकाळी हे फाइल लावत बसले होते आणि मी जेवण वाढत होते. मध्येच यांचा आवाज आला, "आबांनी अंगठा दिलाय?"

"घाईत होते," मी म्हणाले. "चष्मा घरी विसरला होता."

यांनी तो कागद उजेडाकडं धरला. मग हळूच म्हणाले, "आबांना चष्मा कधी लागला?"

माझ्या हातात दोन ताटं होती. ती कुठं ठेवावीत, मला सुचेना.